आईचा अंगठा

"मावशी, साडी बदलून येता का? अजून वेळ आहे," मंडळाचा कार्यकर्ता आईला म्हणाला. आवाज अगदी गोड.

आईने माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नातली हिरवी इरकल नेसली होती. मांडव, खुर्च्या, स्टेज, म्हणजे कार्यक्रम. कार्यक्रमाला आमच्याकडच्या बायका चांगलंच नेसून जातात. वाटपाचं पीठ घ्यायला जाताना गरीब दिसावं लागतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"का रं बाबा, वाईट हाय का ही?"

"वाईट नाही. फोटोत गरजू वाटत नाही तुम्ही."

मागच्या खुर्च्यांतून हसू आलं. आईने पदर सारखा केला आणि खाली बघितलं.

चाळीस वर्षं ती विड्या वळते. पानं आणि तंबाखू चोळून बोटं गुळगुळीत झालीत. रेशन दुकानातल्या मशीनला तिचा अंगठा ओळखू येत नाही. तीन महिने धान्य बंद. गल्लीत अशा अकरा जणी, आई धरून. ज्यांचं रेशन चालू होतं त्या शेजारणी पदराखाली झाकून तांदूळ आणून द्यायच्या. माईक कुणी आणला नाही.

मग निवडणूक जवळ आली आणि मंडळाला आमची दया आली. वाचनालयातून आणलेल्या इतिहासाच्या पुस्तकांनी मला एक खोड लावली आहे. दान किती दिलं हे मी नंतर बघते, शिलालेख कुणाच्या नावाचा ते आधी. इथे शिलालेख पिशवीवरच होता. बाहेर निवडणुकीला उभ्या साहेबांचा हसरा चेहरा, आत पाच किलो पीठ.

स्टेजवरच्या टेबलावर पिशव्यांशेजारी छापील कागद आणि शाईचा पॅड. आईने अंगठा शाईवर दाबला. मी कागद वाचला. तळाशी बारीक अक्षरात: 'रेशनबाबत माझी कोणतीही तक्रार नाही.'

मी तिचं मनगट धरलं. "हे कशाला?"

"फॉर्मॅलिटी हो ताई. आधीच्या चौघींनी दिलाय की."

"मशीनला न चालणारा अंगठा तुम्हाला बरा चालतो."

"लोक थांबलेत. पीठ पाहिजे का नको, तेवढं सांगा."

घरात पीठ नव्हतं. त्याला ते माहीत होतं. मला वाटलं, आई म्हणेल, जाऊ दे.

"वाचून दाखव," ती म्हणाली. "मोठ्यानं. समद्यांस्नी ऐकू दे."

मी वाचलं. आईने टेबलावरच्या पांढऱ्या कापडाला अंगठा पुसला आणि रिकाम्या हाताने खाली उतरली. आधीच्या चौघींनी पिशव्या टेबलावर ठेवून आपापले कागद परत मागितले.

आज त्या अकरा जणी आणि मी पुरवठा कार्यालयाच्या पायरीवर बसलो आहोत. अर्ज मी लिहिला आहे: ठसा जमत नसेल तर डोळ्यांवरून ओळख पटवा, आणि अडवलेलं तीन महिन्यांचं धान्य द्या. शिपाई दोनदा सांगून गेला, अर्ज ठेवून जा, साहेब बघतील. ठेवणार नाही. शिक्का मारलेली पोच हातात पडेपर्यंत उठणार नाही. आणि धान्य मिळालं, तरी कुणाचे आभार मानणार नाही.