पगाराचा तिसरा हिस्सा

लंडनच्या हाउन्सलो उपनगरात आमच्या श्यामलावहिनींचं घर आहे. खाली त्या स्वतः राहतात, वरचा दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने देतात. २००६ साली तेवढ्या जागेला महिना साडेसातशे पौंड सहज मिळत. वहिनी मात्र बाजारभाव विचारत नाहीत. भाडेकरूची पेस्लिप मागतात, हातात पडणाऱ्या पगाराचे तीन भाग करतात आणि त्यातला एक भाग भाडं म्हणून सांगतात.

याचं मूळ १९७४ मधलं. माझा मित्र माधव आणि वहिनी नाशिकहून आले तेव्हा त्यांच्या एका खोलीला आठवड्याला नऊ पौंड पडत आणि माधवचा पगार होता सत्तावीस. "उरलेल्या अठरात आम्ही दर शनिवारी सिनेमा बघायचो, भावजी," असं वहिनी आजही सांगतात. पुढे विमानतळाच्या किचनमध्ये प्रवाशांच्या जेवणाचे ट्रे भरता भरता त्यांनी या घराचं कर्ज फेडलं. माधव गेला, नियम राहिला. दर जानेवारीत त्यांचा टॅक्स रिटर्न मी भरतो आणि दर जानेवारीत हरकत घेतो.

"वहिनी, हे भाडं आहे की इन्कम टॅक्स?"

"टॅक्सवाल्यांनी कधी तुम्हाला थालीपीठ खाऊ घातलंय का? मुकाट्याने बेरीज करा."

त्या २००६ च्या मे महिन्यातल्या एका शनिवारी पुष्कर नावाचा पुण्याचा सॉफ्टवेअरवाला फ्लॅट बघायला आला. मीही तिथेच होतो. तो इतर चार तरुणांबरोबर एका घरात राहत होता आणि तिथे कुटुंबाला परवानगी नव्हती. पुढच्या रविवारी त्याची बायको चैत्राली आणि चार वर्षांची अक्षरा यायच्या होत्या. तिकिटं काढून झाली होती, घराचा पत्ता नव्हता. अकरा घरं बघून झाली होती. प्रत्येक एजंट विचारी, वर्षाचा पगार वर्षाच्या भाड्याच्या अडीच पट आहे का?

त्यामुळे गडी तयारीनिशी आला होता. पेस्लिपऐवजी त्याने कंपनीचं पत्र पुढे केलं. एकूण पॅकेज छत्तीस हजार. पुण्याच्या पद्धतीप्रमाणे त्यात मिळाला तर मिळणारा बोनस, विमानाचं तिकीट आणि ट्रेनिंगचा खर्चही धरलेला होता.

वहिनींनी पत्र माझ्याकडे सरकवलं. मी कागदावर आकडे मांडले. "हातात महिना साधारण एकवीसशे नव्वद. तिसरा हिस्सा सातशे तीस."

"सातशे तीस?" पुष्करचा चेहरा उतरला. "काकू, तुम्ही कमी घेता असं ऐकलं होतं."

"मी कुठे ठरवते? तुझा पगार ठरवतो. एवढा मोठा साहेब तू!"

वहिनींनी नियम समजावून सांगितल्यावर पुष्करचे कान लाल झाले. गेला महिनाभर ज्या आकड्याने आपली पत वाढेल असं त्याला वाटत होतं, त्यानेच आता घर हातचं जात होतं.

"काकू, खरं सांगू का?" त्याने बॅगेतून चुरगळलेली पेस्लिप काढली. "हातात पंधराशे सदुसष्टच येतात. बाकीचं सगळं कागदावर."

वहिनी एवढ्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अरे, घर मिळावं म्हणून पगार वाढवून सांगणारा तूच पहिला नाहीस. माधवनेही मालकाला तीस सांगितले होते! भावजी, परत मांडा."

"पाचशे बावीस."

"तू वीसच दे रे, सुटे दोन पौंड मुलीच्या खाऊला. आणि काउन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, वेगळी भरायची असते, ती धर. नाहीतर पुढच्या महिन्यात रडत येशील."

पुष्करने खाली वाकून नमस्कार केला आणि उठताना टेबलावर डोकं आपटून घेतलं.

पुढच्या रविवारी संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "भावजी, ऐका." त्यांनी रिसीव्हर छताकडे धरला असावा. वर कुणीतरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावत होतं.

पुढच्या एप्रिलमध्ये मी चहाला गेलो असताना अक्षरा जिन्यावरून उड्या मारत खाली आली. हातात पुष्करची नवी पेस्लिप होती.

"आजी, बाबाचा पगार वाढलाय. तो म्हणाला, याचे तीन भाग कर."

वहिनींनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. मी निमूटपणे पेन काढलं.