शुक्रवारी आलेली ब्रीडा

देवीवर माझा विश्वास होता की नाही, हे मला त्या वर्षी नीट सांगता आलं नसतं. आयर्लंडमधल्या एनिस गावात आमच्या भाड्याच्या घरात मी रोज संध्याकाळी दिवा लावायचे, हात जोडायचे आणि काहीही न मागता उठायचे. आधीच्या वर्षी मागितलं होतं. सातव्या महिन्यात मुलगा पोटातच गेला. दोन दिवस त्याची हालचाल मंद वाटत होती, पण सोमवारी तपासणी होतीच. मधेच फोन करून कशाला कुणाला त्रास द्यायचा, म्हणून मी गप्प राहिले. सोमवारी त्याचे ठोके लागले नाहीत. त्यानंतर देवीसमोर बसताना मला एखाद्या बेभरवशाच्या नातेवाइकासमोर बसल्यासारखं वाटायचं. संबंध तोडायचे नाहीत, पण जवळही जायचं नाही.

तेव्हा रुग्णालयातून निघताना एका फॉर्मवर प्रश्न होता: बाळ गमावलेल्या कुटुंबांना भेटणाऱ्या स्वयंसेवकांना तुमचा नंबर दिला तर चालेल का? नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटलं, म्हणून मी 'हो'वर खूण केली. फोन येणार नाही, अशी माझी खात्री होती. तो आला, आणि त्यामागोमाग ब्रीडा आली. साठी ओलांडलेली, बुटांना चिखल, हातात घरी भाजलेला ब्रेड. दर गुरुवारी अकरा वाजता ती स्वयंपाकघरात तासभर बसायची. मला पुन्हा दिवस गेल्यावर म्हणाली, "तपासणीला सोबत येत जाऊ का? बोलायचं काम माझ्यावर सोड." पैसे घेत नाही, धर्माचं बोलत नाही, मग हिला हवंय तरी काय, हे मला कळेना. तिच्या पिशवीत एक निळी वही असायची. निघताना ती गाडीत बसून त्या वहीत काहीतरी लिहायची. मी पडद्याआडून पाहायचे.

आमच्याच गल्लीत राहणाऱ्या मानसीला मी हे सांगितलं, तर ती घाबरलीच. "वहीत लिहिते? अगं बाई! फार बोलू नकोस हां तिच्याशी. इथे सरकारवाले पोरं काढून नेतात. आई रडते, खात नाही, सगळं लिहून ठेवतात." आईचं पुण्याहून फोनवर वेगळंच. "परक्या बाईला पोटावर हात लावू देऊ नकोस गं. दृष्ट लागते." मी दोघींनाही हो म्हटलं आणि ब्रीडाला उत्तरं देताना आणखी जपून बोलू लागले.

माझं इंग्रजी चांगलं आहे, हीच खरी अडचण होती. शाळेत बाईंनी विचारलं की "येस मिस, फाइन मिस" म्हणायचं, हे अंगात मुरलेलं. इथे 'फाइन'च्या जागी 'ग्रँड' आलं, एवढंच. ज्यांना भाषा येत नाही त्यांना नर्स दोन-दोनदा विचारते. मी हसून 'ग्रँड' म्हटलं की पुढचं नाव पुकारलं जायचं.

तेहतिसाव्या आठवड्यात एका गुरुवारी ब्रीडा आलीच नाही. फोनही नाही. मला हायसं वाटलं आणि लगेच शंका आली, की वही आता कुणाच्या तरी टेबलावर पोचली असणार.

शुक्रवारी अनिकेत, माझा नवरा, कामासाठी पहाटेच कॉर्कला गेला. नाश्ता झाला तरी बाळ हललं नाही. गार संत्र्याचा रस प्यायले, डाव्या कुशीवर पडले. एकदा काहीतरी जाणवलं, की नुसतंच वाटलं? झोपलं असेल, असं मी स्वतःला सांगत होते. तेवढ्यात बेल वाजली. पडद्याच्या फटीतून ब्रीडाची गाडी दिसली. गुरुवार सोडून नेमकी आज, नवरा घरात नसताना! ही सरकारी तपासणीच आहे, असं मी धरून चालले आणि श्वास रोखून बसले. बेल पुन्हा वाजली. मग दारातल्या पत्रपेटीच्या फटीतून आवाज आला, "मला तुझ्या चपला दिसतायत. चहा नको देऊस, पण दार तरी उघड."

मी दार उघडलं.

"कशी आहेस?"

"ग्रँड."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाळ शेवटचं कधी हललं होतं?"

त्या क्षणी खोटं बोलायला मी तयार होते. वाक्यही जुळवलेलं होतं. पण तोंडातून आलं, "काल रात्री." आणि मग मला रडू आवरेना.

तिनं मला तशीच गाडीत बसवलं. चाळीस मिनिटांच्या वाटेत मी मनातल्या मनात देवीचं नाव घेत होते. श्रद्धेनं नाही, भीतीनं. रुग्णालयातली नर्स प्रेमळ होती. तिनं विचारलं, नेहमीपेक्षा किती कमी? मी घुटमळले. ब्रीडानं पिशवीतून निळी वही काढली आणि वाचू लागली. मागच्या आठवड्यात, गुरुवारी चहाच्या वेळी सहा लाथा. त्याआधीच्या गुरुवारी सात. मी पोटाला हात लावायचे, तेवढ्या वेळा तिनं मोजलं होतं. बाळ अकराच्या सुमाराला जागं असतं. आणि मधेमधे: 'ग्रँड म्हणते. तशी दिसत नाही.' "आज अकरा वाजून गेलेत आणि एकही नाही," ती म्हणाली. "हे लिहून घ्या, प्लीज." ठोक्यांचा आलेख पाहून डॉक्टर धावत आले. तासाभरात माझी मुलगी जन्मली. अगदी लहान, जांभळट आणि जिवंत. "उद्यापर्यंत थांबला असतात तर..." एवढंच म्हणून डॉक्टरांनी वाक्य अर्धवट सोडलं.

तरीही माझा संशय जाईना. ब्रीडा त्या शुक्रवारी का आली, हे मी तिला तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं. उत्तर एकच. "सोमवारी सुट्टी होती ना, अख्खा आठवडा मी एक दिवस मागे होते. मला वाटलं, आज गुरुवारच." गुरुवारी ती आली असती तर मी ग्रँड म्हटलं असतं, आणि ते खरंच असतं. कदाचित देवीनंच तुला पाठवलं असेल, असं मी तिला म्हटलं, तेव्हा ती खो खो हसली. "तुझ्या देवीला माझ्यापेक्षा वक्तशीर बाई मिळाली नाही?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "माझा डेक्लन गेला तेव्हा माझ्यासाठी कुणी काही लिहून ठेवलं नव्हतं. त्या काळी बाळ दाखवतसुद्धा नसत."

देवीनं काय केलं, काय नाही, मला माहीत नाही, आणि पहिल्या वेळी का नाही केलं, हे मी अजून विचारते. पण इतकं कळलंय की कृपा येते तेव्हा ती ओळखू येईलच असं नाही. माझ्याकडे आली तेव्हा मी तिला पडद्याआडून पाहत बसले होते. त्याबद्दल मी देवीची माफी मागितली आहे आणि ब्रीडाचे आभार मानले आहेत. बहुधा दोन्ही एकाच ठिकाणी पोचत असावेत. शरण जाणं मला अजून नीट जमत नाही. पण मुलगी घरी आल्यावरच्या पहिल्या गुरुवारी, कित्येक रात्रींच्या जागरणानंतर, मी तिला ब्रीडाच्या हातात दिलं, वर गेले आणि दोन तास झोपले. मधे एकदाही खाली पाहायला आले नाही.