सनईशिवायचं शूटिंग

घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. वर्गात उभं राहून बोलायचं म्हटलं की मी पुढच्या मुलीच्या पाठीआड लपायची. त्यामुळे सिनेमाच्या तासाला मॅडमनी संवाद नसलेला छोटा प्रसंग चित्रित करून आणायला सांगितला, तेव्हा मला हायसं वाटलं. पण पुढे त्या म्हणाल्या, "वर्गाला कळला नाही, तर उभं राहून समजावून सांगायचा."

मी प्रसंग घरातलाच घेतला. नावड्याच्या आमच्या घरात आई संध्याकाळी बाबांची वाट बघते, एवढाच. बाबा तळोज्याला कारखान्यात होते. कॅमेरा शेजारच्या दादाचा. तो हळदी-लग्नांचं शूटिंग करायचा.

"मना काय बोलाचं हाय?" आईने विचारलं.

"काही नाही. नुसतं बसायचं."

"मंग पिच्चर कसला गो?"

दादाने सवयीने हॅलोजन लावला. लख्ख उजेड पडताच आईने डोक्यावर पदर घेतला आणि नवरीच्या मावशीसारखी पाटावर हसत बसली.

मी चाचरत म्हटलं, "दादा, लाइट नको ना."

"अंधारात काय दिसणार? टेन्शन नको घेऊ, मागाहून सनई टाकून देतो मस्त."

"सनईपण नको."

मी लग्नात नवराच नको म्हटल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. पण हॅलोजन बंद केला.

आता दारातून येणारा उजेड तेवढा आईच्या अर्ध्या चेहऱ्यावर होता. कारखान्याचा भोंगा झाला. थोड्या वेळाने सायकली येऊ लागल्या. एक आली, पुढे गेली. मग आणखी एक. दारातला उजेड कमी होत चालला. आई पदर, हसू, कॅमेरा, सगळं विसरली. बाबांना त्या दिवशी खरंच उशीर झाला होता. मग लांबून ओळखीच्या सैल चेनकव्हरचा खडखडाट ऐकू आला. ती उठून चित्राबाहेर गेली. रिकामा पाट राहिला. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, कपबशी वाजली आणि भिंतीवर निळसर उजेड थरथरला. तिथेच मी दादाला थांबायची खूण केली.

वर्गात कॅसेट संपली. आता उभं राहून समजवावं लागणार म्हणून मी ओढणी सावरली.

"कोण आलं?" मॅडमनी विचारलं.

वाशीहून येणारी एक मुलगी म्हणाली, "तिचे मिस्टर. आज लेट झाले."

"दिसले का कुठे?"

"नाही. पण चहा ठेवला ना तिने!"

मॅडम हसल्या आणि त्यांनी पुढची कॅसेट मागितली. मी आपली बसूनच राहिले.