गवताच्या खोलीतलं थेटर

आमच्या गुणाजीने कुणाच्या कानात काही सांगितलं की ते चाळीतल्या शेवटच्या खोलीपर्यंत पोचायचं. खाजगी असं त्याच्याकडे काही उरायचंच नाही. घरात बायकोला हळूच पाठ खाजवायला सांगायचा, आणि चार दारं सोडून मी भाजी निवडता निवडता हाक मारायचे, नलू, खाजव गं बाई त्यांची पाठ. तेही त्याला ऐकू जायचं नाही.

जाणार कुठून? उभा जन्म परळच्या गिरणीत, साचेखात्यात गेला. तिथे एका छपराखाली शेकडो साचे, म्हणजे कापड विणायचे माग, धडधडत असतात. कानाशी तोंड नेलं तरी शब्द पोचत नाही, म्हणून ती माणसं हातांनी बोलतात आणि समोरच्याच्या ओठांवरून समजून घेतात. गुणाजी घरीही तसाच. हातवारे करत, तुमच्या तोंडाकडे टक लावून बोलायचा. चाळीत नवी सून आली की तिला वाटायचं, हा बाबा एवढं बघतो काय. मी सांगायचे, तुझ्याकडे नाही गं, तुझ्या शब्दांकडे बघतोय तो. पण त्याला विचारलंत तर कान एकदम ठणठणीत. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्याचं म्हणणं.

मग तो मोठा संप झाला. आज मिटेल, उद्या मिटेल करत सगळे थकून गेले. मिटला असं कुणी सांगितलं नाही, लोक नुसतेच गप्प झाले. गुणाजीला गिरणीने परत घेतलं नाही. पोरगी लग्न होऊन मुलुंडला गेलेली, घरात दोघंच, म्हणून नलिनीने डबे सुरू केले. आमच्या चाळीपासून जवळच्या चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत कामाला असलेली, एकटी राहणारी पोरं असायची, त्यांचे दुपारचे डबे आणि संध्याकाळचे डबे. सायकलवाला धाकू घेऊन जायचा.

आता हा पुरुष दिवसभर घरात. घर म्हणजे एक खोली, त्यात दोन स्टोव्ह, टोपं, तांदळाचा पिंप आणि डब्यांचा डोंगर. गुणाजी ह्या भिंतीवरून उठून त्या भिंतीला टेकायचा, तिथून नलिनी त्याला उठवायची. मी चिडवायची एक संधी सोडली नाही. म्हणायचे, भावोजी, तुमची बदली झाली वाटतं आज खिडकीत. तो हसायचा. पण एकदा हसला नाही. माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि त्याच्या हिशेबाने हळू आवाजात म्हणाला, "वैनी, लगीन झाल्यापासून मी तिका बसलेली बघूक नाय."

अहो, बघणार कधी? पाळीवर जायचा, पाळीवरून येऊन झोपायचा. बायकोचा अख्खा दिवस त्याने पहिल्यांदाच बघितला होता. अंधारात उठते, उभ्याने पीठ मळते, उभ्याने जेवते, दुपारी डबे गेले की रात्रीचं वाटण घेऊन पुन्हा उभी. पाय असे सुजलेले की चपलेचा पट्टा लागायचा नाही. हा बस म्हणाला की ती हो म्हणायची आणि ओटा पुसायला घ्यायची. त्याने चपात्या लाटून बघितल्या, तर पोरांनी डब्याबरोबर चिठ्ठी पाठवली की आज आम्हाला कुठल्या देशाचे नकाशे दिलेत. मग तिनेच त्याच्या हातातून लाटणं काढून घेतलं.

अशात बाळा आला. बाळा म्हणजे नलिनीचा धाकटा भाऊ, मस्कतला होता. आई लवकर गेली, त्याला नलिनीनेच वाढवलेला. सुट्टीवर येताना रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ घेऊन आला. त्या काळी आमच्या चाळीत मिळून एक टीव्ही होता, तोही काळापांढरा आणि आजारी. बाळाने सगळ्यांसमोर तिला सांगितलं, "ताय, ह्या तुझ्यासाठी हा. तू बसान बघ. उभ्यान नको." आणि परत गेला मस्कतला.

टीव्ही ठेवला तांदळाच्या पिंपावर. आठवड्याभरात वाफेने त्याची काच घामेजली. नलिनी म्हणाली, हा खराब व्हायच्या आधी हलवा इथून, माझं वाटण कुठे ठेवू?

आमच्या चाळीमागे मोकळी जागा होती आणि तिथे एक सुटी खोली. पूर्वी चाळीच्या मालकांचा म्हशींचा तबेला होता, त्याचं गवत आणि पेंड ठेवायची खोली ती. तबेला गेला, म्हशी गेल्या, खोली तशीच पडून होती, आत उंदीर आणि गोचिड्या. गुणाजीच्या डोक्यात आलं, इथेच थेटर करायचं. छोटं, घरचं. नलिनीने दुपारी डबे पाठवून यायचं, खुर्चीत बसायचं आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक पिक्चर बघायचा. एवढंच त्याला हवं होतं, बाकी काही नाही. मालकीण शांताबाई मागच्याच घरात राहायच्या, दुपारी कपाळाला बाम चोळून पडायच्या. त्या म्हणाल्या, खोली वापर, पण माझ्या झोपेत आवाज नको. गुणाजीने वचन दिलं, ते देतानाच त्यांनी कान झाकले.

मग लागला कामाला. जोडीला साचेखात्यातले दोघे जुने सोबती, गाववाला दत्ताराम आणि घाटावरचे धोंडिराम. दोघेही बेकारच, एक बोरिवलीहून चालत यायचा, एक मालाडहून. गवत जाळलं, चुना मारला, गोचिड्यांसाठी रॉकेल शिंपडलं, त्या वासाने आमची मात्र डोकी उठली. हवेसाठी ठेवलेली भोकं गोणपाटाने बुजवली. जमिनीला शहाबादी फरशीचे तुकडे बसवले. ती तिघं तासन्‌तास एक शब्द न बोलता काम करायची. नुसते हात हलायचे, मध्येच तिघं एकदम हसायची. मी विचारायचे, काय ठरलं तुमचं? दत्ताराम म्हणायचा, वैनी, तुमच्याबद्दलच बोलत होतो.

खुर्ची मिळाली मालाडच्या भंगारवाल्याकडे. कुठलंसं थेटर मोडीत निघालं होतं, त्याची लाल रेक्झिनची, घडीची. गुणाजीला एकच हवी होती, पण थेटरच्या खुर्च्या एका लोखंडी पट्टीला जोडलेल्या, सुटी कुठून मिळणार? तीन घ्याव्या लागल्या. आणल्या, सिमेंटने जमिनीत रोवल्या. तरी एकीवरून माणूस उठला की उरलेल्या दोन्ही डोलायच्या. मधली नलिनीची. तिच्यावर कुणी बसायचं नाही. दत्तारामने एकदा चुकून बूड टेकवलं, तर गुणाजीने त्याला साच्यावर चूक करणाऱ्या नवशिक्यासारखा हात धरून उठवला.

थेटर चालू झालं. व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट यायची, दुपारी पिक्चर लागायचा. समोरची पिठाची गिरण सुरू झाली की वीज कमी पडून टीव्हीतलं चित्र चारी बाजूंनी आकसायचं, हिरो-हिरोइन बिचारी बाहुल्यांएवढी व्हायची. चाळीतल्या बायका, म्हातारी माणसं, सगळी यायची. पैसे घ्यायचे नाहीत, असा गुणाजीचा हट्ट.

आली नाही ती नलिनी. आज मसाला करायचा आहे, आज रेशनची लाईन आहे, आज हरभरे भिजत घालायचे राहिले. गुणाजी दर दुपारी दारात उभा राहून वाट बघायचा, मग पिक्चर लावायचा. मधली खुर्ची मोकळी.

आणि आवाज. देवा रे, तो आवाज. स्वतःला ऐकू येईल इतकं बटण फिरवायचा, म्हणजे आम्हाला दातांत ऐकू यायचं. गोणपाट लावलं म्हणून काय भिंती जाड होतात? शेजारच्या वाडीतली तान्ही पोरं दचकून उठायची. मी जाऊन सांगितलं, भावोजी, स्टेशनपर्यंत पोचतोय तुमचा पिक्चर. तो म्हणाला, "थयसर ऐकाक येता, तर येवंदेत की बघूक." मी कान दाखवून सांगितलं की दोष तिथे आहे. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी कानावरचा हात खाली घेतला. चिडवायलाही एक मर्यादा असते. गिरणी गेली, पाळी गेली, आता कानसुद्धा गेले असं मी त्याला कुठल्या तोंडाने सांगू?

शांताबाईंना तेवढी भीड नव्हती. बाम लावलेलं कपाळ घेऊन त्या भर चाळीत आल्या आणि म्हणाल्या, आता शनिवारी कुलूप. ती खोली मी लाकडंवाल्याला देते, लाकडं तरी गप्प पडून राहतात.

मग मी नलिनीकडे गेले. ती खोबरं किसत होती, उभ्याने. म्हटलं, अगं, त्या माणसाने तुझ्यासाठी म्हशींच्या खोलीचं थेटर केलं, शनिवारी त्याला कुलूप लागतंय. एक दिवस जा, बस. काय होईल? ती किसतच राहिली. मला वाटलं तिला राग आहे त्याचा, घरी बसून हे उद्योग करतो म्हणून. तसं काही नव्हतं.

"बसले तर उठायची नाही मी, वैनी," ती म्हणाली. "म्हणून बसत नाही."

 मी तिच्या हातातली किसणी घेतली आणि उरलेलं खोबरं किसलं. त्या दिवसांत मीही काही ताजीतवानी नव्हते, पण तिच्याकडे बघून आपलं दुखणं सांगायची लाज वाटायची.

शुक्रवारी डबे गेल्यावर तिला मी हाताला धरूनच घेऊन गेले. केस विंचरून आली होती. गुणाजी दारात. तिला बघितलं तर त्याच्या हातांना काय करावं ते कळेना, मग त्याने खुर्चीची घडी उघडून धरली. नलिनी मधल्या खुर्चीत बसली, बाजूच्या खुर्चीत मी, तिसऱ्या खुर्चीत माझी पिशवी. मागे दत्ताराम, धोंडिराम आणि दोन-चार म्हाताऱ्या. तिच्या आवडीचा, लग्नाआधीच्या काळातला पिक्चर त्याने शोधून आणला होता. लावला. वाद्यं अशी सुरू झाली की माझी बत्तिशी हलली.

नावं पडद्यावर येत होती तेवढ्यात नलिनीची मान माझ्या खांद्यावर पडली. त्या आवाजात. झोपली.

गुणाजी वळून बघत होता. अंधारात मला त्याचा चेहरा दिसला, आणि खरं सांगते, फार वाईट वाटलं. इतका खटाटोप केला आणि बाईने हिरोचं तोंडही बघितलं नाही. तो उठून जवळ आला, वाकून तिच्याकडे बघत राहिला. तिचे पाय पहिल्यांदाच जमिनीवरून सुटलेले. मग टीव्हीकडे गेला आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत बंद केलं.

हात तसाच बटणावर. जरासं उघडलं, पुन्हा बंद केलं. पुन्हा जरासं उघडलं, बंद केलं. मला दर वेळी फरक कळत होता. त्याला कळत नव्हता. माझ्याकडे वळला आणि साचेखात्यात बोलायचे तसं, नुसत्या ओठांनी आणि हाताने विचारलं, "आवाज बंद झालो?"

मी हो म्हणून मान हलवली. तो खाली शहाबादीवर बसला.

मी वाट बघत होते, आता मागून ओरडा होणार. म्हाताऱ्या कुरकुरल्या आणि निघून गेल्या. दत्ताराम आणि धोंडिराम मात्र जागचे हलले नाहीत. पडद्यावर विनोदी नट काहीतरी बरळला तर धोंडिराम बरोबर जागेवर हसले, तेही तोंड दाबून. पिक्चर पुढे चालला, तिघं बघत होती, मध्येच हात हलवून एकमेकांत काहीतरी बोलत होती. माझा खांदा अवघडला होता. बाहेर इतकं शांत झालं की पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरताना ऐकू येत होता.

त्या शांततेनेच बहुतेक शांताबाईंना जाग आली. दार ढकललं, हातात उद्याचं कुलूप. आत बघितलं. टीव्ही चालू, आवाज नाही, तीन बाप्ये मुक्यासारखे बसलेले, आणि नलिनी माझ्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपलेली. मी म्हटलं, आता बोलणार. त्या दोन पावलं आत आल्या. "एवढी दमते?" एवढंच मला विचारलं, आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. कुलूप घेऊनच गेल्या.

पिक्चर संपला. संध्याकाळच्या भाकऱ्यांची वेळ झाली, टळून गेली. मी गुणाजीला खूण केली, उठवा. त्याने नाही म्हणून मान हलवली. "निजांदे तिका," म्हणाला, आणि तेही ओठांनीच. मग दत्तारामला घेऊन घरी गेला. दोघांनी भात टाकला, पिठलं केलं, त्यात गुठळ्या एवढ्या की वडे म्हणून खपल्या असत्या. धाकू सायकल घेऊन केव्हाचा निघून गेला होता, तेव्हा गुणाजी स्वतः डबे दोन्ही हातांत घेऊन चारकोपला चालत गेला. इस्टेटीतली पोरं त्याला काय काय बोलली म्हणे. परत आल्यावर मी विचारलं, पोरं चिडली का हो फार?

"चिडली असतीत," तो म्हणाला. "माका ऐकाक नाय येत ना, वैनी."

पहिल्यांदाच म्हणाला तसं. मला चिडवायचं होतं, पण नाही चिडवलं.

नलिनीला दिवेलागणीला जाग आली ती ताडकन. पदर सावरत घरात आली, टोपातलं पिठलं बघितलं आणि जी सुरू झाली. गिऱ्हाइकं तोडणार तुम्ही, माझी अब्रू घालवली, मला उठवायला तोंड नव्हतं का. गुणाजी तिच्या तोंडाकडे बघत सगळं ऐकत होता, म्हणजे वाचत होता.  दुसऱ्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही, माझ्याशीही नाही. मी तिला घेऊन गेले होते ना.

शनिवारी कुलूप काही लागलं नाही. दुपारचा पिक्चर लागला, बिनआवाजाचा. चाळीतल्या बायकांनी नाकं मुरडली, आपापल्या घरी गेल्या. आत ती तिघंच. मी सहज डोकावले, तर मधली खुर्ची मोकळी. गुणाजी आज दारात उभा नव्हता. त्याने वाट बघणं सोडलं होतं बहुतेक.

सोमवारी डबे गेल्यावर मी ओट्यावर बसले होते. नलिनी घरातून निघाली, हात पदराला पुसत, माझ्याकडे न बघता मागच्या अंगणात गेली. मी चपला न घालताच मागोमाग. ती आत गेली, स्वतःच खुर्चीची घडी उघडली आणि बसली.

"लावा काय लावूचा ता," नवऱ्याला म्हणाली. "पण चारला उठवा माका."

गुणाजीने तिच्या ओठांकडे नीट बघून मान डोलावली. तिने डोळे मिटले.

संध्याकाळचे डबे त्या दिवशीही उशिराच गेले.