नानांचा खोकला माझ्या नावावर

दम्याचा माणूस म्हटल्यावर मफलर गुंडाळून खाटेवर कण्हणारा म्हातारा तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल. त्याला आधी घरी पाठवा. आमचे शेजारचे नाना ताठ मानेने, नाक दाबून सिग्नलला उभे राहतात, आणि धूर ओळखण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या खान्देशात नाही. गॅलरीत डोळे मिटून सांगतात, "हा ट्रकचा. हा रिक्षाचा, रॉकेल मारलंय. आणि हा तुझ्या बापाने जाळलेला कचरा." हायवेचं काम निघाल्यापासून आमच्या जळगावात भिंतीसुद्धा खोकतात, पण नानांना विचाराल तर त्यांना दमा नाहीच. ॲलर्जी. श्वासाचा पंप ज्वारीच्या कोठीत दडवलेला, ओढायचा तो बाथरूमचं दार लावून. कारण त्यांच्या मुलीचं, आमच्या ताईचं लग्न. घराण्यात दमा आहे, एवढं समाजात फिरलं की स्थळं बंद.

धुळ्याचं स्थळ जमत आलं, मुलाचं घर पाहायला जायचं ठरलं, तेव्हा नानांनी मला बोलावलं. मी गल्लीतला नकलाकार. "मला खोकला आला की तू खोक. तुझं कोण लग्न मोडतंय?" पंप घरीच ठेवला. कुणाला दिसला तर?

घर हायवेला लागून. चहा आला आणि खाली कुणीतरी टायर पेटवलं. नाना एकदा खोकले, मी चारदा. त्यांच्या छातीत शिट्टी वाजली, मी तश्शीच वाजवली. सगळे धावले माझ्याकडे. कोणी पाठ चोळतंय, कोणी पाणी पाजतंय. मीही रंगात आलो. मग नानांकडे नजर गेली. ओठ निळे. टेबल दोन्ही हातांनी धरलेलं, आणि डोळे मला अजून सांगत होते, खोक. माझा आवाजच गेला.

तेवढ्यात मुलाच्या आईने कमरेच्या बटव्यातून पंप काढला आणि माझ्या तोंडाशी धरला. मी हिसकावून नानांना दिला.

नानांच्या चेहऱ्यावर रंग आला. बाईंचा नवरा त्या पंपाकडे बघत होता, घरात परका माणूस निघाल्यासारखा. बाई हळूच नानांना म्हणाल्या, "मीपण लपवते, भाऊ. लग्न होऊन आले तेव्हापासून."

मग राग काढायला बाईंना मी सापडलो, तोही अस्सल अहिराणीत. "तुले अक्कल शे का नही? मानूस जीव सोडी राहिना आनि तू नकला करस? आमले बठ्ठास्ले येडं बनाडं. आते ऐक. लगीननी बोलनी कराले येशात, तवय या भाऊस्ना पंप वरना खिसामा दिसाले पाहिजे."