माळवदाची माती आणि भरीव देठ

माझ्या ब्रोकोलीचा देठ पोकळ निघत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कुणी विचारेलच असं नाही. लातूरच्या बाजारात सगळे गड्डा वरून बघतात, हिरवा आहे का, घट्ट आहे का. मी तो उलटा करून देठ दाखवते. भरीव, रसरशीत, फिकट हिरवा. मधे भोक नाही की तपकिरी डाग नाही. गावातल्या बाया म्हणतात, हिला माज चढलाय. चढलाय तर चढलाय. ज्या रानात हा देठ तयार होतो ते रान एकदा विकायला निघालं होतं, आणि आज ते आमचंच आहे.

माझं माहेर मुदखेडकडचं. भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. आमच्याकडे फळीवरची भांडी वाजली, आई झोपेतच "मांजर दिसतंय" म्हणाली आणि कूस बदलून परत झोपली. ज्या घरात मला पुढे नांदायला जायचं होतं ते घर त्याच वेळी खाली आलं होतं, हे आम्हाला कुठून ठाऊक असणार? लग्न होऊन लातूर जिल्ह्यात आले ती थेट नव्या गावात. सरळ गल्ल्या, सिमेंटच्या खोल्या, दारावर नंबर. जुनं गाव तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे नुसते ढीग उरले होते. आमचं रान त्या जुन्या गावाला लागूनच. बांधाच्या पलीकडे जो ढीग दिसायचा तो आमच्याच घराचा.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. रान त्यांच्या नावावर, पण कसायचा माझा नवरा. मामा बांधापर्यंत यायचे, लिंबाखाली बसायचे, बैलांना पाणी दाखवायचे आणि परत जायचे. मातीला हात लावायचे नाहीत. त्यांची आई भूकंपात माळवदाखाली गेली होती. माळवद म्हणजे आमच्याकडचं जुन्या घरांचं छत: खाली लाकूड, वर हातभर माती. दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर नवी माती चढवायची आणि चोपून घट्ट करायची, म्हणजे गळत नाही. घरात हा विषय कुणी काढायचं नाही. मीही कधी काढला नव्हता.

तोवर लातूरचे दिवस पालटले. क्लास निघाले, त्यांच्या मागे होस्टेलं निघाली, खानावळी निघाल्या. माझ्या धाकट्या दिरानं तिथे चार पोरं ठेवून सुरुवात केली आणि बघता बघता त्याच्या खोल्या कमी पडायला लागल्या. उमरी, धर्माबाद, पार कुठून कुठून पोरं यायची. काहींच्या आया घरदार नवऱ्यावर सोडून लेकरासोबत एका खोलीत राहायच्या. लेकरू डॉक्टर होईपर्यंत माउलीनं डबा करायचा, असा तो संसार. दिराकडे गेले की मी त्या आयांमध्ये जाऊन बसायची. उमरीची बाई भेटली की मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं. त्यांच्यातच पहिल्यांदा ऐकलं, "ताई, ती हिरवी गोबी मिळंल का हो इथं? डॉक्टरीणबाई म्हणल्या पोराला द्या म्हणून. बाजारात भेटती ती पार पिवळी पडल्याली."

माझ्या डोक्यात किडा वळवळला. आमच्या घरात फुलकोबी पिढ्यान्‌पिढ्या होती. हिरवी असली म्हणून काय झालं, गोबीच ती! रोपं आणली, फुलकोबीसारखीच लावली, फुलकोबीसारखंच खत टाकलं. त्या हिवाळ्यात माझी चांगलीच जिरली. आमची काळी माती चिकट. पाणी दिलं की तुंबायचं, ओढ दिली की भेगा. रोपं पिवळट, गड्डे लिंबाएवढे. जे जरा मोठे झाले ते कापले तर देठ आतून पोकळ, बांबूसारखे. दिरानं एक उचलला, डोळ्याला लावला आणि त्यातून माझ्याकडे बघत म्हणाला, "वहिनी, दुर्बीण झकास झाली."

नवरा हसला. मी हसले नाही. कारण त्याच बैठकीत दिरानं रान विकायचं काढलं. रस्ता रुंद व्हायचा होता, जमिनी बघणारे गावात फिरायला लागले होते. रान विकायचं, लातूरला होस्टेलवर मजला चढवायचा, आम्ही दोघांनी तिथे खानावळ चालवायची. वाईट काही म्हणत नव्हता तो. नवऱ्यालाही पटल्यासारखं दिसलं. मला मात्र पटेना. ढेकळं फोडून माझे हात खरबरीत झाले होते, रानातला कुठला कोपरा आधी वाळतो आणि कुठला नंतर, ते मला पाठ होतं. होस्टेलभर पोरांच्या पोळ्या लाटायला मी जन्मले नव्हते.

मामा म्हणाले, "मला काय इचारता? तुमाला करायचं ते करा."

"मामा, मला एक हिवाळा द्या," मी म्हणाले. "रान साधलं न्हाई तर मी सोता सही करायला आणते तुमाला."

"एक हिवाळा," म्हणाले, आणि उठून गेले.

मग मी गोबीचा नाद सोडला आणि मातीच्या मागे लागले. माती तपासून आणली. बोरॉन कमी आहे, त्यानं देठ पोकळ होतात, हे तिथे कळलं. चिमूट चिमूट द्यायचं, जास्त झालं तर तेच जाळतं. पावसाळ्यात रानात ताग पेरला आणि फुलावर आला तसा नवऱ्याकडून नांगरून खत म्हणून मातीत गाडला. नवरा हळहळला, एवढं हिरवंगार पीक म्हणून. शेण मी ताजं टाकू दिलं नाही. वर्षभर कुजलेलं, हातात घेतलं तर वास न येणारं तेवढंच घेतलं. सोयाबीनचा भुसा गावात लोक पेटवून द्यायचे. तो मी मागून आणला आणि झाकून ठेवला. हे सगळं झालं तरी माती मोकळी होईना. मूठ वळून सोडली की गोळा तसाच राहायचा.

उत्तर बांधापलीकडेच होतं, फक्त कुणी तिकडे बघत नव्हतं. आमच्या पडलेल्या घराच्या ढिगावर पावसाळ्यात तांदुळजा उगवायचा. कुणी पेरलेला नाही, कुणी पाणी दिलेलं नाही, आणि कमरेएवढा, काळपट हिरवा. त्याच पावसावर रानातलं तण मात्र पिवळं. जुन्या गावाची माती, पांढरीची माती, रानात टाकायची रीत आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. शेकडो वर्षांची राख, शेण, सारवण मुरलेलं असतं तिच्यात. पण भूकंपानंतर आमच्या गावात ती रीत मोडली होती. ज्या मातीनं माणसं नेली तिला हात कोण लावणार?

मी लावणार होते. पण न विचारता नाही.

मामा लिंबाखाली बसले होते. मी समोर जाऊन सरळ विचारलं. त्यांचा चेहरा असा झाला की शब्द परत घ्यावेसे वाटले.

"ती माती न्हाई," ते म्हणाले. "सूनबाई, ती माती न्हाई घ्यायची."

"लोकं काय म्हनतेल म्हणून?"

"लोकाचं काय घेऊन बसलीस? त्या साली माळवदावर माती मीच टाकली होती. माय म्हणाली, गळून राहिलंय, पातळ झालंय. मी चांगला जाड थर दिला. आन मग..." ते बैलांकडे बघत बसले.

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आईचा शब्द ऐकला होता. पदरानं डोळे पुसले आणि घरी आले. ढिगाचा विचार सोडून दिला.

तीन-चार दिवसांनी रानात गेले तर ढिगावर कुणीतरी खोरं चालवत होतं. मामा होते. धोतर वर खोचलेलं, शेजारी वाळू चाळायची चाळण उभी केलेली. मला बघून हात थांबवला नाही.

"तिकडली घेऊ नको," ते एका बाजूला बोट करून म्हणाले. "ती भिताडाची हाय, चुना-दगूड निघंल. ही माळवदाची घे. ही मी नदीकडून निवडून आणली होती. हिच्यात एक खडा सापडला तर सांग."

मी मूठ भरून घेतली. फिकट, हलकी, भुसभुशीत माती. मूठ उघडली तशी बोटांतून निसटून गेली. खरंच एक खडा नव्हता.

"न्हाई मामा," मी म्हणाले. "एक बी न्हाई."

"मग!" ते म्हणाले, आणि पुढचं घमेलं भरलं.

ती माती, कुजलेलं शेणखत आणि काळी अशी कालवून आम्ही गादीवाफे केले, म्हणजे पाणी वर तुंबणार नाही. दसरा झाल्यावर रोपं लावली, वर भुशाचं पांघरूण घातलं. काही आठवड्यांनी वाफ्यात हात घातला तर गांडुळं लागली. मी ओरडले. नवरा साप समजून काठी घेऊन धावत आला.

गड्डे धरले तेव्हा मात्र मामांनी घात केला. सकाळी रानात गेले तर पहिल्या दोन वाफ्यांतल्या सगळ्या गड्ड्यांवर पानं ओढून सुतळीनं बांधलेली. एकेका झाडाचा बुचडा घातल्यासारखा. फुलकोबी अशीच बांधतात, ऊन लागू नये आणि गड्डा पांढरा राहावा म्हणून. मामा तिसऱ्या वाफ्यात वाकलेले, दातात सुतळी.

"मामा! हे काय करून राहिलात?"

"तुझं ध्यान कुटं हाय? उनानं पार हिरवी पडलीय गोबी! पांढरीशुभ्र करून देतो बग."

मी कपाळावर हात मारला. आधी राग आला, मग जे हसू सुटलं ते थांबेना. ती हिरवीच असते, हिरवी म्हणूनच लोक घेतात, हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. "हिरवी गोबी इकत घेतेत? लातूरची लोकं क्लासला पैसे भरून हेच शिकतेत का?" सुतळ्या आम्ही दोघांनी मिळून सोडवल्या. पण मला एक लख्ख दिसलं होतं. जो माणूस वर्षानुवर्षं मातीला हात लावत नव्हता तो दिवस उगवायच्या आत माझ्या वाफ्यात येऊन बसला होता, आणि मला न विचारता! त्या दिवशी मी घरी गाणं म्हणत गेले.

पहिला गड्डा कापला तेव्हा नवरा, मामा आणि मी तिघंही वाकून देठच बघत होतो. भरीव. मामांनी तो देठ सोलून तिथेच खाल्ला आणि म्हणाले, "गोड हाय की."

टोपली घेऊन मी दिराच्या गल्लीत गेले. आयांनी गराडा घातला. धर्माबादची एक म्हणाली, "ताई, ह्यानं मार्क वाढतेत का हो?" मी म्हणाले, "मार्क पोरगं आणील माय, तू पोरगं धड ठेव." दुसऱ्या फेरीला त्या दारात उभ्या राहून वाट बघत होत्या. मोठा गड्डा कापल्यावर बाजूनं छोटे फुटतात, तेही हातोहात खपले. दिराच्या होस्टेलवर ती भाजी पोरांनी मागून खाल्ली. पण दिरानं जमीन बघणाऱ्या एका माणसाला आधीच शब्द देऊन ठेवला होता, त्यामुळे संक्रांतीच्या सुमारास तो त्याला घेऊन आलाच.

हिवाळा सरत आला होता आणि मामांनी अजून एका शब्दानं काही सांगितलं नव्हतं. सही त्यांची. मी वाफ्यात उभी राहिले, त्यांच्याकडे बघायचं धाडस होईना.

तो माणूस सफारीतला, बोलायला गोड. बांधावर उभं राहून सगळीकडे नजर फिरवली. "बाबा, जागा चांगली हाय. रस्त्याला लागून हाय. मातीचं काय, ती तर उचलून टाकावीच लागंल, पाया घ्यायचा तर."

मामा चाळणीपाशी होते. खोरं खाली ठेवलं, हात झटकले, आणि सावकाश चालत आले.

"कुटं टाकसाल उचलून?" त्यांनी विचारलं.

"आं? टाकू की कुटंबी. खड्ड्यात."

"ती माझ्या मायच्या माळवदाची माती हाय," मामा म्हणाले. आवाज चढवला नाही. "मी चाळून टाकलीय. इकायची न्हाई."

दीर काही बोलायला गेला. मामांनी त्याच्याकडे बघितलं नाही. खाली वाकले, वाफ्यातला सगळ्यात मोठा गड्डा विळ्यानं कापला आणि त्या माणसाच्या हातात दिला. उलटा करून.

"देठ बगा," ते म्हणाले. "ह्या सूनबाईचा हाय. पोकळ न्हाई."