वटवट्याची तारीख

पक्षी बघायला आधी डोळे लागतात असं ज्यांना वाटतं, त्यांना सावळीराम पाण्याच्या काठावर उभं करायचा आणि डोळे मिटायला सांगायचा. नाशिकहून भल्या पहाटे निघून आलेली ती माणसं, गळ्यात हातभर लांबीच्या लेन्स अडकवलेली, निमूटपणे डोळे मिटायची. मग हा सांगायचा, "डावीकडं बाभळीत शिंजीर हे. मागं लांब टिटवी ओरडतीय, तिला कुत्रं दिसलंय. आन् समोर खंड्या, आत्ता मासा घेऊन बसला." माणसं डोळे उघडायची, तर समोर खंड्या मासा फांदीवर आपटत असायचा. अशा वेळी सावळीरामच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला नम्रता म्हणता आलं नसतं.

गोदावरीला कादवा मिळते तिथं, नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागे पाणी पसरतं. पावसाळा सरला की लांबलांबून पाखरं तिथं उतरतात आणि त्यांच्या मागोमाग माणसं. सावळीराम एकोणीस वर्षं या माणसांना पाखरं दाखवत होता. त्याआधी बारा वर्षं तो लोकांच्या द्राक्षबागांमध्ये ट्रॅक्टरवर बसून औषध फवारायचा ब्लोअर चालवत असे. ते काम सुटलं आणि हे मिळालं, याला तो जन्मातलं एकुलतं एक चांगलं नशीब म्हणायचा.

त्याच्याकडे एक वही होती. दर हंगामात कोणता पक्षी पहिल्यांदा कधी आला ते तीत लिहिलेलं. पक्ष्याचं नाव, तारीख आणि शेवटच्या रकान्यात कोणी पाहिला किंवा ऐकला. त्या रकान्यात एकोणीस वर्षं एकच शब्द होता, 'स्वतः'. वहीतली त्याची सगळ्यात लाडकी नोंद होती वटवट्याची. अंगठ्याएवढं मातकट पाखरू, पाण्यातल्या उंच पाणकणसाच्या गवतात, त्याच्या दाटीत राहतं, दिसतं क्वचितच. त्याचा बारीक, टोकदार आवाज तेवढा येतो. तो आवाज पहिल्यांदा ओळखण्याचा मान सावळीरामचा. कॉलेजातले प्रोफेसरसुद्धा फोन करून विचारायचे, "आला का हो?"

यंदा नवरात्र संपलं, दसरा झाला, वटवट्या आला नाही. सावळीराम रोज पहाटे पाणकणसापाशी जाऊन उभा राहायचा. वाऱ्यानं पाती घासल्याचा आवाज यायचा, बस्स. कोजागिरी आली तेव्हा त्याच्या डोक्यात एक नाव पक्कं झालं होतं.

पाणकणसाला लागून मालनबाईचा अर्ध्या एकराचा तुकडा होता. तिचा नवरा संतोष सावळीरामचा दोस्त, सहा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून ती एकटी मेथी-कोथिंबीर करायची आणि निफाडच्या बाजारात स्वतः बसून विकायची. पाठीवर पंप अडकवून ती फवारताना सावळीरामनं पाहिली होती. फवारणी म्हणजे काय हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? विष मारलं की किडे मरतात, किडे मेले की किडे खाणारं पाखरू कशाला थांबेल? हिशेब सरळ होता.

हंगामाच्या सुरुवातीला पक्षी बघायच्या मनोऱ्याखाली पक्षीमित्रांची बैठक भरते. चाळीसएक माणसं होती. सावळीराम उभा राहिला आणि बोलला, "यंदा वटवट्या आला नाय. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. का, ते ज्यांनी पाणकणसाशेजारी औषध मारलं त्या मालनबाईंना इचारा." एवढंच. पण कोणीतरी त्याच संध्याकाळी मालनबाईचा पंपासकट फोटो काढला, खाली 'पक्ष्यांना मारणारी भाजी' असं लिहिलं, आणि तो फोटो आठ दिवसांत निफाडच्या बाजारात तिच्याआधी पोचला.

ती त्याच्या दारात आली ती कोथिंबिरीची जुडी घेऊनच. सावळीरामची बायको नवसाबाई ओट्यावर डाळ निवडत होती. मालनबाईनं बसायला नकार दिला. जुडीतून मूठभर कोथिंबीर उपटली, न धुता तोंडात घातली आणि त्याच्याकडे बघत चावून गिळली.

"बघा भाऊजी, मरते का ते. निंबोळीचा अर्क मारते मी. आन् तुमचं पाखरू आलंय. रोज कलकल करतंय. मी खुरपत असते, मला ऐकू येतं."

"वहिनी, ते साध्या चिमण्या असतील," सावळीराम म्हणाला. "तुम्हाला काय कळतं त्यातलं. माझे कान खोटं नाय बोलत."

उरलेली जुडी मालनबाईनं ओट्यावर ठेवली आणि गेली. नवसाबाईनं ती जुडी उचलून आत नेली आणि रात्री कोथिंबिरीच्या वड्या केल्या. जेवताना एवढंच म्हणाली, "अहो, काल तुम्ही चुलीपाशी बसून होते आन् कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या. डाळ करपली तरी उठले नाय." सावळीराम म्हणाला, माझं लक्ष नव्हतं. त्याला स्वतःलाही ते खरंच वाटलं, हा त्याचा खोटेपणा नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत तेजस्विनी आली. नाशिकच्या कॉलेजात शिकणारी, पक्ष्यांच्या आवाजांवर काम करणारी मुलगी. तिच्याकडे आवाज टिपायचं यंत्र होतं. दिवस उगवताना सावळीरामनं तिला पाणकणसापाशी नेलं आणि दु:खानं म्हणाला, "घे, हे टिपून घे. मसणातली शांतता. वटवट्या नसला की असं असतं."

तेजस्विनीनं कानावरचे हेडफोन काढले. त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, काका आपली परीक्षा घेतायत, लोकांना डोळे मिटायला लावतात तसं काहीतरी.

"काका, आहेत की. केवढे आहेत!" ती हसून म्हणाली. "हा एक. तो तिकडे दुसरा. त्याच्या खाली आणखी एक."

ती बोट दाखवत गेली. सावळीराम तिच्या बोटाकडे बघत होता. पहिल्या ठिकाणी पाणकणसाचं एक पातं, वारा नसताना, थरथरलं. दुसऱ्या ठिकाणी थरथरलं. तिसऱ्या ठिकाणी मातकट रंगाचं काहीतरी क्षणभर वर आलं, त्याची चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. सावळीरामला ती उघडझाप स्पष्ट दिसली. आवाज आला नाही. त्यानं डोळे मिटून पाहिलं, एकोणीस वर्षांच्या सवयीनं. मिटलेल्या डोळ्यांआड काहीच नव्हतं.

तो बांधावरच बसला. आयुष्यात इतकी भीती त्याला कधी वाटली नव्हती, संतोषला खांदा देतानाही नाही.

तेजस्विनीला कळायला वेळ लागला नाही. ती शेजारी बसली. "काका, मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल की ते आहेत."

"आठ दिवस थांब," तो म्हणाला. "माझ्यासाठी."

ते आठ दिवस त्यानं कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. बहिऱ्या गाइडला कोण बोलावणार? सगळ्यांपुढे सांगितलं की हे काम गेलं, आणि या कामाशिवाय सावळीराम म्हणजे कोण, हे त्याला सांगता आलं नसतं. न सांगावं, तर तेजस्विनी लिहील की पक्षी उशिरा आले, लोक मान डोलावतील, कोणाला काही कळायचं नाही. हा विचार त्यानं पुष्कळ वेळा केला. तो चांगला माणूस होता म्हणून त्याच्या मनात असलं काही आलं नाही, असं मुळीच नाही.

तिसऱ्या दिवशी तो निफाडला कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं कानात आवाज सोडून तपासलं आणि कागद समोर ठेवला. कागदावरची रेघ सरळ जाता जाता एकदम खाली कोसळली होती. "बारीक, उंच आवाज गेलेत तुमचे. माणसांचं बोलणं अजून येतंय. मोठ्या आवाजाच्या मशीनवर काम केलंय का कधी?"

"ब्लोअर," सावळीराम म्हणाला. "बारा वर्षं. कानात कापूससुद्धा घालत नव्हतो."

येताना एसटीत त्याला स्वतःचाच राग आला. फवारणीनं वटवट्या गेला हे त्याचं म्हणणं खरंच होतं, फक्त फवारणारा तो स्वतः होता.

तो घरी न जाता मालनबाईकडे गेला आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मला काय सांगताय भाऊजी? मला ठाऊकच व्हतं. जिथं बोलले तिथं सांगा."

रविवारी मनोऱ्याखाली त्यानं सांगितलं. वटवट्या आलेत, मला ऐकू येत नाहीत, मालनबाईंचा काही दोष नाही. दोघातिघांनी खांद्यावर हात ठेवला. पुढच्या रविवारचे जे पाहुणे त्याच्या नावावर होते ते दीपक नावाच्या तरुण गाइडकडे गेले. आणि या माफीचा फोटो कोणी काढला नाही, आठ दिवसांत ती बाजारात पोचलीही नाही. निफाडात मालनबाईच्या टोपलीपुढून बायका तशाच पुढे जात राहिल्या.

तुळशीच्या लग्नानंतर एके सकाळी सावळीराम वही घेऊन फाट्यावर गेला. द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या बायका पिकअपची वाट बघत उभ्या होत्या. त्यांत मालनबाई होती, हातात डबा. तिच्या तुकड्यात आता काहीच पेरलेलं नव्हतं.

"वहिनी, एक इचारायचं व्हतं. यंदा वटवट्या पहिल्यांदा कधी बोलला? माझ्या वहीत जागा रिकामी हे."

पिकअप आली, बायका चढायला लागल्या.

"दुसरी माळ व्हती," ती म्हणाली. "घटाला तरवडाची फुलं तोडत व्हते मी पाणकणसापाशी, तवा बोलला. लय बरं वाटलं मला. म्हटलं, भाऊजींना सांगावं."

ती मागच्या फळीला धरून वर चढली. गाडी वळली.

सावळीरामनं बोटांवर मोजून तारीख काढली आणि लिहिली. मग शेवटच्या रकान्यात, वटवट्याच्या पानावर एकोणीस वेळा 'स्वतः' लिहिलेल्या ओळींच्या खाली, 'मालनबाई' असं लिहिलं.